मोरचूद संत्र्याच्या बुंध्याला लावा, कालवडीला चारू नका

परवा काटोलजवळ मावसभावाच्या गोठ्यात गेलो, तर गव्हाणीच्या काठावर एक चमचा ठेवलेला, कडा निळ्या पडलेल्या. विचारलं तर दादा म्हणाला, "मोबाइलवर आलं होतं. कालवड माजावर येत नसेल तर चमचाभर मोरचूद गुळात घालून 21 दिवस द्यायचं. आज चौथा दिवस." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा निळा क्षार. आणि तेही कोणतं, तर संत्र्याच्या झाडांना बोर्डो मलम, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप, लावायला आणलेलं!

तोच मेसेज मला तीन ग्रुपवर आला आहे. त्यात म्हटलंय की मिनरल मिक्श्चर, म्हणजे जनावरांना द्यायचं खनिज मिश्रण, हा कंपन्यांचा धंदा, आजोबांच्या गाई त्याच्याशिवाय वीत होत्या. कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी पुरते. आणि कालवड अडली की मोरचूद.

मोरचुदापासूनच सुरू करतो, कारण त्यानं जनावर मरतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचे जनावरांच्या आहाराचे तक्ते जगभर वापरतात. त्यात मांसासाठी पाळलेल्या गोवंशाची तांब्याची गरज कोरड्या चाऱ्याच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम दिली आहे. दादाची कालवड दिवसाला पाच किलोही कोरडा चारा खात नाही. म्हणजे तिला लागतं जेमतेम 50 मिलिग्रॅम. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. पाच ग्रॅमचा चमचा म्हणजे 1250 मिलिग्रॅम. पंचवीसपट! तेही रोज, 21 दिवस.

हे जास्तीचं तांबं यकृतात साठत जातं. बरेच दिवस वरून काही दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मग यकृताला पेलवेनासं झालं की ते एकदम रक्तात उतरतं, तांबड्या पेशी फुटतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते, डोळे पिवळे पडतात. तेव्हा धावपळ करूनही बहुधा हाती काही लागत नाही. आणि गव्हाणीतलं उरलंसुरलं मेंढीनं खाल्लं तर आणखी वाईट, तिला याहून कितीतरी कमी तांबं बाधतं.

आता नाइलाजानं एक कबूल करतो. तांबं खरंच कमी पडलं तर माज लांबतो, हे खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं कुठंतरी तेवढंच वाचलं असावं. पण ती कमतरता थोड्याशा खनिज मिश्रणातून भरून निघते. आयएस 1664 या भारतीय मानकाप्रमाणे बनवलेल्या मिश्रणात तांबं, जस्त, फॉस्फरस सगळं मोजून असतं. वाढत्या कालवडीला रोज 30 ते 50 ग्रॅम, ढेपेत, म्हणजे पेंडीत, कालवून. बस.

चुन्याचं थोडक्यात सांगतो. तुरीच्या, हरभऱ्याच्या कुटारात, म्हणजे मळणीनंतरच्या भुशात, कॅल्शियम आधीच भरपूर असतं, कमी असतो तो फॉस्फरस. त्यावर चुना पाजून काय साधणार? फॉस्फरस मिळतो सरकीच्या ढेपेतून, आणि दादानं महाग झाली म्हणून नेमकी तीच बंद केली होती.

आजोबांच्या गाई दिवसभर रानात चरायच्या, दहा प्रकारचं गवत, पाला खायच्या. आपली कालवड खुंट्याला बांधलेली, बारा महिने कुटार-कडब्यावर. आणि त्या गाई कितव्या वर्षी पहिल्यांदा व्यायच्या, हेही घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

मिश्रण दिलं की आठ दिवसांत माज येतो म्हणून विकणाराही खोटंच बोलतो. पोट रिकामं, पोटात जंत, तर पावडर काय करणार?

कालवडीचं वजन काढायला मी टेप मागवला. छातीचा घेर 52 इंच, खांद्यापासून माकडहाडापर्यंत लांबी 46 इंच. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा, 660 नं भागा. आलं 188 किलो. संकरित कालवड 250 किलोच्या आसपास गेल्याशिवाय गाभण राहण्यासाठी भरवू नये. ती अडलेली नव्हती, उपाशी होती. मोरचूद त्याच दिवशी बंद केलं, डॉक्टरांना फोन केला, आणि दादा ढेपेचं पोतं आणायला गेला.