पडलेल्या विमानांचा दोष विकत घेणाऱ्यावर टाकू नका

काल रात्री साडेदहाला डिचोलीहून वहिनींचा फोन आला. पुतणी आज सकाळी मोपाहून बंगळुरूला जायची होती आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. "भावजी, तिचं तिकीट रद्द करू काय?" आवाज रडवेला. झोपेपर्यंत तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला.

मेसेज म्हणतो: इंडोनेशिया आणि इथिओपियाची, बोइंग कंपनीने बनवलेली ७३७ मॅक्स विमानं पडली, कारण तिथल्या कंपन्यांनी पैसे वाचवायला सुरक्षेचं यंत्र घेतलं नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांनी घेतलं, म्हणून त्यांची वाचली. वैमानिक कच्चे होते. आणि आपल्याकडे स्वस्त तिकीट म्हणजे तीच गत.

एक गोष्ट खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. विमानाचं नाक समोरच्या हवेशी किती कोन करतंय, ते पडद्यावर दाखवणारा दर्शक बोइंग जादा पैसे घेऊन विकत होती आणि इंडोनेशियाची लायन एअर व इथिओपियाची इथिओपियन, दोघींनीही तो घेतला नव्हता.

पण त्याहून महत्त्वाचा होता वैमानिकासमोरचा दुसराच एक इशारा. कोन मोजणारे दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नसले की तो पेटायला हवा. तो प्रत्येक मॅक्समध्ये असायचा होता, त्याचे वेगळे पैसे नव्हते. सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे तो फक्त महागडा दर्शक घेणाऱ्यांच्याच विमानात चालत होता. म्हणजे हँडब्रेकचा दिवा सगळ्यांना द्यायचा, पण पेटणार मात्र सनरूफ घेतलेल्याच्याच गाडीत. बोइंगला हे २०१७ मध्येच कळलं होतं. दुरुस्ती २०२० वर ढकलली आणि ग्राहकांना सांगितलं नाही. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीच्या सप्टेंबर २०२० च्या अहवालात हे सगळं आहे. जी वस्तू आपल्याकडे आहे असं खरेदीदार धरून चालला, ती न घेतल्याचा ठपका त्याच्यावर कसा येतो?

त्या बंद इशाऱ्याने काय केलं तेही वाचा. पडण्याच्या आदल्या रात्री तेच लायन एअरचं विमान बालीहून जकार्ताला आलं. नुकताच बदललेला सेन्सर २१ अंशांनी चुकत होता. नाक पुन्हा पुन्हा खाली जात होतं, तरी ते कसंबसं उतरलं. इशारा पेटलाच नाही, म्हणून वैमानिकांना तो नोंदवता आला नाही आणि मेकॅनिकांनाही सेन्सरवर संशय आला नाही. हे इंडोनेशियाच्या चौकशी अहवालात आहे. सकाळी, २९ ऑक्टोबर २०१८ ला, १८९ माणसं गेली. पुढच्या मार्चमध्ये इथिओपियात १५७.

अमेरिकेतल्या सगळ्यांनी घेतलं होतं? युनायटेडने तो दर्शक घेतलाच नव्हता. साउथवेस्टला तर आपल्या विमानांतला इशारा बंद आहे हे लायन एअरच्या अपघातानंतर कळलं.

वैमानिक कच्चे? लायन एअरचे कॅप्टन भव्ये सुनेजा दिल्लीचे, ६,००० तासांहून जास्त उड्डाण केलेले. इथिओपियनच्या कॅप्टनचे ८,००० तासांहून जास्त. नाक खाली दाबणारी एमकॅस नावाची यंत्रणा एकाच सेन्सरवर विसंबून होती आणि सुनेजांच्या हातातल्या मॅन्युअलमध्ये तिचा उल्लेखही नव्हता. मेलेल्या माणसांवर असं लिहिताना हात कापत नाही का?

स्वस्त तिकिटाचं थोडक्यात. अपघातांनंतरच्या बंदीनंतर मॅक्स पुन्हा उडाली तेव्हा एमकॅस दोन्ही सेन्सरांशी जोडली गेली आणि इशारा सर्वांना सक्तीचा झाला. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये त्या अटींवरच परवानगी मिळाली. तिकीट महाग की स्वस्त, याच्याशी त्या इशाऱ्याचा संबंध नाही. १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं हवेत आदळून ३४९ माणसं मेली, तेव्हा आपल्याकडे टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. असं काम नियमाने होतं, प्रवाशाने काउंटरवर विचारून नव्हे.

वहिनींना एवढंच सांगितलं. पुतणी सकाळी सातच्या विमानाने गेली, पोचल्याचा फोनही आला. आता हे मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं काम वहिनींचं.