टपालवाल्यांची ‘परदेशातली चैन’

मामांनी काल घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘आपल्या खात्याचा अभिमान’. पहिल्या महायुद्धात सैन्याबरोबर परदेशी गेलेल्या आपल्या टपालवाल्यांची म्हणे चंगळ होती. दुप्पट पगार, सेवेला गोरे डॉक्टर, गोळीबारापासून लांब तंबूत बसून शिक्के मारायचे, ‘त्यामुळे मरण कुणाच्याच वाट्याला आलं नाही’. मामा, तीस वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, रात्रपाळीला थैल्या उपसल्यात तुम्ही. त्या धुळीचा खोकला अजून गेलेला नाही. दुसऱ्या कुणी हे पाठवलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

शेवटचं वाक्यच आधी घेतो. मरायला गोळीच लागते असं लिहिणाऱ्याला वाटतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कॉलरा, हगवण, हिवताप, स्कर्व्ही आणि ऊन, सगळी रांगेत उभी होती. फील्ड पोस्ट ऑफिस फौजेबरोबर हिंडायचं. जिथे छावणी तिथे टपाल. १८ नोव्हेंबर १९१७ ला बगदादमध्ये जनरल मॉड कॉलऱ्याने गेला. तिथल्या अख्ख्या फौजेचा सरसेनापती! कारकुनाच्या तंबूत काय कॉलरा परवानगी काढून शिरणार होता?

आता ते गोरे डॉक्टर. त्या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाचा १९१७ चा अहवाल कुणीतरी उघडून बघा. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमी नदीतून बोटीने बसऱ्याला आणले. ही फौज कुठली, तर पुणे डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी होत्या. मेजर कार्टर या डॉक्टरने आयोगापुढे सांगितलं, की लांबून बोटीच्या कडेला दोरखंड लोंबताना दिसले. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा. बोट इतकी खच्चून भरलेली की हगवणीच्या माणसाला हलायलाच जागा नाही. हे वर कळवलं म्हणून अटकेची धमकी मिळाली ती कार्टरलाच. अहवालानंतर ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. लढणाऱ्या शिपायाची ही व्यवस्था, तर मागून येणाऱ्या पोस्टाच्या हमालाला कोण विचारतो?

पैशाचं थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. परदेशी नेमणुकीला वर भत्ता असे. पलटणीतल्या शिपायाला महिना ११ रुपये मिळत त्या काळात वरचे चार पैसे कुणाला नको होते? पण भत्ता म्हणजे चैन नव्हे, मामा. तुम्हालाही रात्रपाळीचा मिळायचा.

‘१९१४ साली आपलं टपाल पहिल्यांदा समुद्रापार गेलं’ हेही खोटंच. १८५६ साली मुंबईहून इराणच्या मोहिमेवर निघालेल्या फौजेबरोबर फील्ड पोस्ट ऑफिस होतं. मस्कतला १८६४ पासून आपलं पोस्ट होतं, तिकिटंसुद्धा आपलीच चालायची.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की तो मेसेज काढा. मामांनी अजून काढलेला नाही.