फायटर, मनी प्लांट आणि बरणीतली थाप

‘काचेच्या बरणीत मनी प्लांट लावा, खाली एक फायटर मासा सोडा. झाड पाणी साफ ठेवतं, मासा मुळं खाऊन जगतो. ना फिल्टर, ना खाणं, ना पाणी बदलायची कटकट.’ हा मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरून येतो, आणि मग कुणीतरी हौसेने बरणी आणतंच.

आधी ते मुळं खाणं. फायटर मांसाहारी आहे. मूळचा थायलंडकडचा, भातखाचरांत डासांच्या अळ्या नि किडे टिपणारा. मुळं कुरतडत असेल तर पोटात काही नाही म्हणून. त्यात मनी प्लांट अळूच्याच कुळातला; नीट न शिजलेल्या अळूने घसा खाजतो ना, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक यातही असतात. मासे उपाशीपोटी आठवडेच्या आठवडे तग धरतात, म्हणून आपल्याला वाटतं, जमलं!

झाड पाणी साफ करतं, हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ही थाप मरत नाही. मुळं माशाच्या घाणीतून होणारे अमोनिया, नायट्रेट शोषतात. पण हॉलच्या कोपऱ्यात, कमी उजेडात सावकाश वाढणारं एक झाड दोन लिटर पाण्यातली घाण किती उचलणार? विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट नि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात. बरणीत त्यांना पुरेशी जागाच नाही. शिवाय पानं बाहेर, त्यामुळे ऑक्सिजन मिळतो तो खोलीला.

‘फायटर डबक्यातच राहतो’ म्हणे. तो पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, एवढंच. खाचर उथळ असलं तरी ऐसपैस असतं. आणि त्याला 24 ते 28 अंशांचं पाणी लागतं; पुण्यातल्या जानेवारीत रात्री बरणी गारठते.

45×30×30 सेंटिमीटरची टाकी घ्या, साधारण 40 लिटरची. स्पंज फिल्टर, छोटा हीटर, वर झाकण. पाणवनस्पतींपैकी वॅलिसनेरिया वाळूत लावा. जावा फर्न आणि अनुबियास मात्र लाकडाला दोऱ्याने बांधा, त्यांचं आडवं खोड पुरलं की कुजतं. मनी प्लांटचीही मुळं खुशाल सोडा, मदतनीस म्हणून तो उत्तम. नर एकच. पण त्याला लगेच आणू नका. चार-सहा आठवडे टाकी माशाविनाच चालवायची, रोज चिमूटभर खाणं टाकत; ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणूंची वस्ती जमते. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर आधी चढलेले अमोनिया नि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की मग दुकानात जायचं.