कॉम्प्युटर माझा, पहारा त्यांचा

ठाण्यातल्या नौपाड्यात माझे डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवण्याचे, छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका अशी कामे ज्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर चालतात, ते मी रीतसर पावती घेऊन विकत घेतले आहे. त्याच्यासोबत यूएसबीला लावायचे एक लॉक येते आणि ते लावलेले नसेल, तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. ऐन लग्नसराईत हे लॉक बंद पडले. हमीची मुदत संपली असल्याने नवे लॉक हवे असेल तर जवळपास पूर्ण परवान्याचे पैसे भरावे लागतील, असे कंपनीने कळवले. मी चार दिवस पत्रिकांची गिऱ्हाइके परत पाठवत होतो, तेव्हा ओळखीच्या एका दुकानात तेच सॉफ्टवेअर क्रॅक केलेले, म्हणजे संरक्षण तोडून चोरलेले, लॉकशिवाय बिनबोभाट चालू होते.

चोरीचे समर्थन मला करायचे नाही. मीही हे काम शिकलो ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या चोरीच्या सीडीवर, आणि मराठी अक्षरे पडद्यावर आणण्यासाठी ज्यांनी डोळे फोडले त्यांचे पैसे बुडवणे वाईटच. माझा आक्षेप आहे तो चोरी रोखण्यासाठी कंपन्या आपल्या कॉम्प्युटरवर जो पहारा बसवतात, त्याच्या हद्दीविषयी.

ही हद्द किती ओलांडली जाते, हे २००५ मध्ये दिसले. सोनी बीएमजीच्या काही म्युझिक सीडी विंडोज कॉम्प्युटरमध्ये घातल्या की कॉपी रोखणारा एक प्रोग्राम बसत असे आणि तो स्वतःला लपवून ठेवत असे. लपवण्याची युक्तीही अशी ढोबळ, की विशिष्ट चिन्हांनी सुरू होणाऱ्या नावाची कोणतीही फाइल मालकाला दिसेनाशी होई. साहजिकच व्हायरस लिहिणाऱ्यांनी काही दिवसांतच त्याच आडोशाला बस्तान मांडले. मार्क रुसिनोविच या तंत्रज्ञाने हा प्रकार उघड केल्यावर कंपनीने तो काढण्याची जी सोय दिली, तिनेही कॉम्प्युटरला नवे भगदाड पाडले. हे सारे भोगले ते पैसे मोजून सीडी घेणाऱ्यांनी. फुकट गाणी उतरवणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर यातले काही आलेच नाही. ऑगस्ट २००७ मध्ये तर विंडोजची प्रत अस्सल आहे का हे तपासणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमधल्या चुकीमुळे हजारो अस्सल विंडोज नकली ठरल्या होत्या.

आपला कॉपीराइट कायदा मला यात बराच समंजस वाटतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण ते तोडण्यामागे हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. आणि कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करण्याची मुभाही हाच कायदा देतो. मात्र लॉकला हेतू कळत नाही, आणि लॉकशिवाय न उघडणाऱ्या राखीव प्रतीचा मला उपयोग तो काय?

नवी कामे मी आता युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या फॉन्टवर न अडणाऱ्या सामाईक अक्षरमांडणीत, करतो. जुन्या फाइलींचे दुखणे मात्र तसेच आहे, कारण त्यांतला मजकूर त्या कंपनीच्या फॉन्टच्या सांकेतिक मांडणीत आहे आणि दुसरीकडे उघडला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. गेल्या आठवड्यात एका सोसायटीने जुना अहवाल मागितला. शेवटी छापील प्रत समोर ठेवून तो पुन्हा टाइप केला.