मॅक नसेल तर फोटो एडिटिंगच करू नका?

‘फोटोग्राफीत उतरायचंय? कर्ज काढा, पण मॅकच घ्या. विंडोजवर रंग खोटे दिसतात, फोटोशॉप रखडत चालतं आणि लिनक्स म्हणजे प्रोग्रामरांचं खेळणं.’ हा मजकूर फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर सतत फिरतो. नवी मुलं तो वाचून नको ते हप्ते अंगावर घेतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी रंग. इथे अर्धं सत्य आहे. मॅकओएसमध्ये कलर मॅनेजमेंट, म्हणजे फोटोतले रंग स्क्रीनला जुळवून दाखवण्याचं काम, जवळपास सगळीकडे आपोआप होतं. विंडोजवर ते ॲपवर अवलंबून असतं. वाइड गॅमट, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारी स्क्रीन असेल तर काही ॲपमध्ये चेहरे लालभडक दिसतात. पण फोटोशॉप आणि त्याच अडोबी कंपनीचं लाइटरूम मॅक-विंडोज दोन्हीकडे स्क्रीनचं प्रोफाइल, म्हणजे ती रंग कसे दाखवते याची नोंद असलेली फाइल, वाचूनच रंग दाखवतात. ते प्रोफाइल बरोबर आहे का, हा खरा प्रश्न. हळदीचे फोटो घ्या. स्क्रीनवर पिवळा झकास, अल्बम छापून आला की काळपट. बहुतेक वेळा दोष ब्राइटनेसचा असतो. 300 निट्सवर (निट हे स्क्रीनच्या ब्राइटनेसचं माप) एडिट केलेला फोटो कागदावर गडद वाटणारच. स्क्रीन 100 ते 120 निट्सवर आणा, कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, लावून प्रोफाइल बनवा, लॅब मागेल त्या कलर स्पेसमध्ये (रंगांच्या ठरलेल्या पट्ट्यात), म्हणजे बहुधा एसआरजीबीत, फाइल द्या. हे मॅकवाल्यालाही चुकत नाही.

फोटोशॉप रखडतं म्हणे. 1990 मध्ये ते फक्त मॅकवर आलं होतं हे खरं, पण लाइटरूम 2007 मध्ये आलं तेच दोन्हीकडे. आज वेग ठरतो प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डावर. ॲपलच्या एम चिप उत्तम आहेत, बॅटरीवरही दमत नाहीत. मात्र त्या मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही. असेंबल केलेल्या पीसीत ती पुढच्या सीझनला टाकता येते.

लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर अडोबीचं फोटोशॉप-लाइटरूम नाही, त्यामुळे क्लायंट लेयर्ससकट पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची मूळ फाइल, पाठवत असेल तर अडचण होते. पण डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर रॉ फाइलींवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फोटोंवर, गंभीर काम करतं, आणि जिम्प या मोफत एडिटरच्या 3.0 आवृत्तीत 2025 पासून मूळ फोटोला धक्का न लावता फिल्टर देता येतात. याला खेळणं म्हणणं अन्याय आहे.

आणि त्या मजकुरात आपल्या बाजाराचा विचारच नाही. लग्नपत्रिका, फ्लेक्स, अल्बमची कव्हरं यांची कितीतरी कामं आजही कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर यांवर चालतात. कोरलड्रॉ बरीच वर्षं मॅकवर नव्हतंच, ते 2019 मध्ये परतलं. तुमचा प्रिंटवाला सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉची फाइल मागत असेल तर विंडोज घ्या आणि वाचलेल्या पैशांतून आधी कॅलिब्रेटर आणा.