महालक्ष्मीचा वाद आणि मेलबर्नचा घोडा

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महालक्ष्मी रेसकोर्सचा विषय निघाला की माझं डोकं तापतं. २०२४ मध्ये १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे, असं ठरलं. तरी सूर तोच: "उरलेलीही काढून घ्या. रेस म्हणजे पैसेवाल्यांचा जुगार." उद्यानाला माझा विरोध नाही. पण ज्यांनी घोडा फक्त वरातीत पाहिलाय, त्यांनी इतक्या ठामपणे निकाल द्यावा याची चीड येते.

इथे मेलबर्नला कप डेची, म्हणजे मेलबर्न कप या घोड्यांच्या मोठ्या शर्यतीच्या दिवसाची, सुट्टी असते. ऑफिसातला स्वीप, म्हणजे चिठ्ठ्या टाकून घोडे वाटून घेण्याची लॉटरी, आदल्या दिवशीच काढून होतो आणि फ्लेमिंग्टन रेसकोर्सच्या गाडीत प्लंबरही सूट घालून उभा असतो. त्याला घोडा आपला का वाटतो, हे कळायला 'फार लॅप' नावाचा घोडा माहीत हवा.

१९२६ साली न्यूझीलंडमध्ये, टिमारूजवळ जन्मलेलं हे शिंगरू लिलावात अवघ्या १६० गिनींना गेलं. सिडनीत उतरल्यावर मालक डेव्हिसला ते इतकं बेढब वाटलं की ट्रेनिंगचा खर्च करायलाच त्याने नकार दिला. मग ट्रेनर हॅरी टेलफर्डने, स्वतःचीच ओढाताण चालू असताना, घोडा तीन वर्षांच्या कराराने आपल्याकडे ठेवला. त्या घोड्याने ५१ पैकी ३७ शर्यती मारल्या, त्याही मंदीच्या काळात, जेव्हा बेकारांच्या रांगा लागत होत्या. १ नोव्हेंबर १९३० ला सकाळी मोटारीतून कुणीतरी त्याच्यावर गोळी झाडली. नेम चुकला, आणि त्याच दुपारी तो शर्यत जिंकला. तीन दिवसांनी साडेबासष्ट किलो वजन पाठीवर घेऊन त्याने मेलबर्न कपही नेला. पुढच्या वर्षीच्या कपला हॅण्डिकॅपरने, म्हणजे कुठल्या घोड्याने किती वजन वाहायचं ते ठरवणाऱ्याने, ६८ किलो लादले तेव्हा कुठे तो आठवा आला.

एप्रिल १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात तो तडफडून मेला. शरीरात आर्सेनिक गेलं होतं, हे पुढे केसांच्या तपासणीत दिसलं. शेवटच्या क्षणी जवळ होता तो त्याचा मोतद्दार, टॉमी वुडकॉक. इथली माणसं मालकापेक्षा टॉमीचं नाव जास्त जिव्हाळ्याने घेतात. इथल्या म्युझियममध्ये काचेआड फार लॅपचं तांबूस कातडं उभं आहे. त्याच्यासमोर आजोबा नातवंडांना उचलून धरतात, आणि त्या आजोबांकडे बघून तरी ते घोड्यांचे मालक वाटत नाहीत.

इथेही कपच्या दिवशी फाटकाबाहेर फलक घेऊन लोक उभे असतात. घोडे पडतात, जायबंदी होतात, मारावे लागतात. त्यांचा राग खरा आहे. पण तो घोड्यासाठी आहे. आपल्याकडच्या वादात घोडा कुठेच नाही, नुसते एकर आहेत.

आणि आपल्याकडे घोडे नव्हते का? १९ पैकी १८ शर्यती जिंकणारा स्क्वॉन्डरर आपलाच. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी याच महालक्ष्मीवर बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुलने जिंकली, पाठीवर ऑस्ट्रेलियाचा जॉकी एडगर ब्रिट. चार वर्षांनी त्याच ब्रिटने इंग्लंडात महाराजांच्याच घोड्यावर सेंट लेजर ही नावाजलेली शर्यत मारली. त्या घोड्याचं नाव सयाजीराव! ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने अंगठ्याचा इमोजी टाकला, बाकीचे पार्किंगवर बोलत राहिले.

आमच्या घरी रेस हा शब्द काढायची सोय नव्हती. चाळीत एकाचं घर त्या नादाने धुपलं होतं. महालक्ष्मीची हिरवळ मी बेस्टच्या खिडकीतून पाहिली, आत पाऊल टाकलं नाही. ती आपल्यासाठी नाहीच, असं मीही धरून चाललो होतो. फ्लेमिंग्टनला मात्र पहिल्याच वर्षी बेधडक आत गेलो. कुणी हटकलं नाही, कुणी ओळखतही नव्हतं. आता मुलगा 'आमचा फार लॅप' म्हणतो तेव्हा बरं वाटतं आणि आत कुठेतरी टोचतं, कारण माझ्या तोंडून 'आमचा स्क्वॉन्डरर' कधी निघालं नाही. ग्रुपवर उत्तर ठरलेलं असतं, "तू गेलास ना, मग तुला काय?" गेलो, खरं आहे. पण त्या ९१ एकरांवर घोडा पळायला हवा, असं मला अजून वाटतं, आणि ते मी लिहीत राहणार.