'भित्र्या मॅनेजरचं पांघरूण': एका प्रतिक्रियेला उत्तर

'फुटबॉल मॅनेजर २०२४' या संघ चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये समतोल फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) कसं उभं करायचं, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीची वाक्यं तेवढी उचलली असं कुणी म्हणायला नको.

"समतोल हा शब्द म्हणजे भित्र्या मॅनेजरचं पांघरूण आहे. डबल पिव्होट कुठल्या ओळीत ठेवायचा तेही धड लिहिलेलं नाही. एका सीझनच्या जोरावर नियम सांगू नका, गेगेनप्रेस लावला की हे सगळं निरर्थक ठरतं. बेळगावकरांना फुटबॉलपेक्षा कुंद्यातलं जास्त कळतं."

खाली सही 'एक निपाणीकर'. नाव नाही. नवख्यांसाठी: डबल पिव्होट म्हणजे बचावफळीच्या पुढं उभी असणारी दोन मिडफिल्डरची जोडी, आणि गेगेनप्रेस म्हणजे चेंडू हरवला की लगेच तो परत मिळवायला तुटून पडणं.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच लागलं. कुंदा ही आमच्या बेळगावची मिठाई, तिचा आम्हाला अभिमान आहे, पण ती इथं आणायचं कारण काय? मी माझ्या लेखात निपाणीबद्दल एक अक्षर वाकडं लिहिलेलं नाही. निपाणीहून कोल्हापूर जवळ, तिथल्या पेठा-तालमींचं फुटबॉल मोठं, हे मला मान्य आहे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मीही सामने बघितलेत आणि घसा बसेपर्यंत ओरडलोय. पण म्हणून बेळगावात फुटबॉल नाही? कॅम्पातल्या मैदानांवर संध्याकाळी पाचनंतर एकदा येऊन उभे राहा. आमच्याकडं फुटबॉल हा चार दिवसांचा शौक कधीच नव्हता. मतभेद असू द्यात, त्यासाठीच लिहितो. पण गावावर घसरायचं आणि वर नाव झाकायचं, ही कुठली रीत? दुसऱ्याला भित्रा म्हणणाऱ्यानं निदान सही तरी खरी करावी.

डबल पिव्होटचं तुमचं बरोबर आहे. मी ४-२-३-१ (गोलकीपर सोडून मागून चार, दोन, तीन, एक) लिहिलं आणि त्यातले ते दोघं डिफेन्सिव्ह मिडफिल्डच्या ओळीत की सेंट्रल मिडफिल्डच्या, हे सांगायचं राहून गेलं. टॅक्टिक्सच्या पडद्यावर आपण जी मांडणी करतो ती मुख्यतः चेंडू समोरच्यांकडे असतानाची, त्यामुळं एका ओळीनं फरक पडतो. खाली ठेवले तर सेंटरबॅकच्या पुढ्यात आडोसा मिळतो, वर ठेवले तर तिथं मोकळं रान राहतं. मी खालची ओळ वापरतो. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता 'भित्रा'.

तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असता तर माझी मेंटॅलिटी, म्हणजे संघानं किती आक्रमक खेळायचं याची गेममधली पायरी, 'पॉझिटिव्ह' आहे हे दिसलं असतं. सात पायऱ्यांतली खालून पाचवी, म्हणजे मधल्या 'बॅलन्स्ड'च्याही वरची. मी कुठंही अकरा माणसं गोलपुढं उभी करा म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हटलं की एका बाजूचे तिघं एकदम पुढं पाठवू नका. समतोल मी जोडीत मोजतो. एक गेला की त्याच्या मागची जागा कुणाची, हे आधी ठरलेलं असावं.

माझ्याच सेव्हमधला, म्हणजे मी खेळत असलेल्या गेममधला, प्रसंग सांगतो, लेखात तो त्रोटक आला होता. इंग्लंडच्या लीग वनमधला संघ, घरचा सामना, १-० पुढं. डाव्या बाजूला लेफ्टबॅक कम्प्लीट विंगबॅक (कडेनं सतत वर धावणारा) अटॅकवर, म्हणजे पुढं जायच्या ड्युटीवर, त्याच्या पुढचा विंगर अटॅकवर, आत मेझाला (कडेकडं सरकत पुढं जाणारा मिडफिल्डर) तोही अटॅकवर. पहिला अर्धा तास बघायला देखणा. मग त्यांच्या कॉर्नरच्या झेंड्यापाशी आमच्या विंगरचा चेंडू गेला. मी तिथंच पॉज केलं आणि वरून बघितलं. आमचे तिघंही पेनल्टी बॉक्सच्या आसपास, आणि मधल्या रेषेपासून आमच्या गोलपर्यंत डावी पट्टी सगळी हिरवी, माणूस नाही. डावा सेंटरबॅक त्यांच्या राईट विंगरला अडवायला बाहेर ओढला गेला, मधे भगदाड पडलं, गोल. पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच पट्टी, पुन्हा गोल.

पुढच्या सामन्याला मी लेफ्टबॅकला हात लावला नाही, तो अटॅकवरच राहिला. विंगर इन्व्हर्टेड केला आणि सपोर्टवर आणला, म्हणजे तो आत वळेल आणि बाहेरची वाट लेफ्टबॅकला मोकळी होईल. मेझालाच्या जागी साधा सेंट्रल मिडफिल्डर, डिफेंडवर. बदल दोनच. त्यानंतर लेफ्टबॅक पूर्वीपेक्षा जास्त वेळा वर जायला लागला, कारण आता त्याच्यासाठी वाट होती आणि मागं माणूस होता. यात भित्रेपणा कुठं दिसला तुम्हाला?

हे मी गेममधून शिकलेलो नाही. १९९८ साली नववीत असताना मी शाळेच्या संघात लेफ्टबॅक होतो. आम्हाला शिकवायचे ते मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले हवालदार. ना फळा, ना खडू. सामन्याआधी ते मैदानाच्या कट्ट्यावर खिशातून चिंचोके काढून मांडायचे, अकरा आमचे आणि अकरा खडे समोरच्यांचे. एका सामन्यात मी तीनदा वर गेलो, दोनदा चांगला क्रॉस टाकला, तिसऱ्यांदा चेंडू हरवला आणि माझ्या मागून गोल झाला. मध्यंतरात पावसानं मैदानाचा लाल चिखल झालेला, मी रडवेला. सरांनी माझा चिंचोका उचलून पुढं सरकवला आणि म्हणाले, "तू वर जा, जायलाच पायजे. खरं मागं कोण हाय ते बघून जा." आणि लेफ्ट हाफचा, म्हणजे मधल्या फळीतल्या डावीकडच्याचा, चिंचोका माझ्या जागी आणून ठेवला. त्यांनी मला मागं थांब म्हटलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये मी आणखी वर खेळलो. २००४ मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि मैदान सुटलं, पण तो चिंचोका मी विसरलेलो नाही. मैदानावर उतरून, मार खाऊन जे शिकलो त्याला कुणीतरी घरबसल्या एका ओळीत पांघरूण म्हणतं, तेव्हा राग येतो. आला तर आला.

माझ्यावर विश्वास नसेल तर १९५८चा विश्वचषक घ्या. ब्राझीलचा ऑस्ट्रियाविरुद्धचा पहिलाच सामना, ३-०. त्यातला एक गोल लेफ्टबॅक निल्टन सांतोसचा. त्या काळी लेफ्टबॅकनं गोल करायला पुढं धावणं म्हणजे आक्रीतच. डाव्या विंगला होता झागालो, जो विंगर असून मागं धावत यायचा. त्याला लोक 'छोटी मुंगी' म्हणायचे ते या राबण्यामुळंच. तो येत होता म्हणून ४-२-४ म्हणवणारा तो संघ गरज पडेल तसा ४-३-३ व्हायचा. त्या स्पर्धेत ब्राझीलनं सहा सामन्यांत १६ गोल केले आणि उपांत्य फेरीपर्यंत स्वतः एकही खाल्ला नाही. पेले आणि गारिंचाच्या संघाला भित्रा म्हणणार का?

आणि त्याच्याही आधीचं. १९२५ साली ऑफसाईडचा नियम सैल झाला, तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी पुढं असले तरी चालायला लागलं. फॉरवर्डना रान मोकळं झालं. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं काय केलं? मधल्या फळीतला सेंटर हाफ मागं घेतला, दोन बॅकच्या मधे उभा केला, आणि पुढच्या फळीतला एक इनसाईड फॉरवर्ड मधल्या फळीला जोडून दिला. कागदावर बघाल तर माणसं मागं गेली. त्याच आर्सेनलनं १९३०-३१ला ४२ सामन्यांत १२७ गोल मारून लीग जिंकली. मागची जागा पक्की असली की पुढच्यांचे पाय मोकळे होतात, हे त्या माणसानं जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. माझं म्हणणं यापेक्षा वेगळं काही नाही.

एका सीझनचा मुद्दा: सीझन एकच होता, बरोबर. पण लीग वनचा सीझन ४६ सामन्यांचा असतो, आणि मी सायबर कॅफेत चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२ (असाच जुना गेम) खेळल्यापासून हेच करतोय. तेवढं पुरे. गेगेनप्रेसबद्दल मला आज बोलायचं नाही. तो लावला की जिंकता येतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. माझा लेख फॉर्मेशनवर होता.

दुरुस्त लेख वर आहे, डबल पिव्होटचा परिच्छेद नव्यानं लिहिला आहे. तुमच्या सेव्हमधलं फॉर्मेशन, रोल आणि ड्युटीसकट, खाली लिहा. मी ते माझ्या संघावर लावून बघीन आणि जे होईल ते इथंच मांडीन. फक्त या वेळी नाव लिहा.